तिसरी पीन

कोथरूड, पुणे
२२ जानेवारी १९९५

चि. दत्तप्रसाद,

अनेक आशीर्वाद. तुझा मित्र श्रीनिवास गेल्या आठवड्यात येऊन गेला. म्हणजे त्याने रिक्षातून एक खोकं उतरवलं, रिक्षावाल्याच्या मदतीने ते जिन्याने वर आणलं आणि पाणीसुद्धा न पिता पळ काढला. सोसायटीतल्या लोकांना वाटलं, आमच्याकडे तिजोरी आली. तळमजल्यावरचे रावसाहेब तर वर येऊन खोक्याला प्रदक्षिणा घालून गेले.

उघडून पाहिलं तर तुझा व्हॅक्यूम क्लीनर. बंद पडलेल्या मोटेलच्या सामानातून उचलला, असं चिठ्ठीत लिहिलं आहेस. लोकांची मुलं अमेरिकेतून चॉकलेटं आणि साबण पाठवतात, आमच्या मुलाने मोटेल पाठवलं. पण वस्तू दणकट आहे. सगळं अंग पोलादाचं, धरायची नळीसुद्धा पोलादाची. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांसारखी नाही.

'बाबा, हा एकशेवीस व्होल्टवर चालतो, घाईने लावू नका,' ही तुझी सूचना वाचून करमणूक झाली. अरे, मी जन्मभर शनिवार पेठेतल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. मोटार ब्रशवाली आहे, तेव्हा तुमच्याकडची साठ आवर्तनं आणि आमची पन्नास याने तिचं काही बिघडत नाही. फक्त विजेचा दाब निम्मा करायचा. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जाऊन त्यासाठी ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला. पितळी डब्याएवढा आहे, वजनाला पाट्याएवढा. सुरू केला की घूं घूं करतो, थोडा तापतो, पण काम चोख.

एकच अडचण आली. ट्रान्सफॉर्मरच्या खोक्याला बाहेरच्या बाजूला भोकं दोन आणि तुझ्या यंत्राच्या प्लगला पिना तीन. दोन चपट्या आणि एक गोल. ती गोल पीन अर्थिंगची. आपल्या बिल्डरने भिंतीत अर्थिंगची तार घातली आहे की नुसती भोकं पाडून ठेवली आहेत, हे त्याचं त्यालाच ठाऊक. तेव्हा असली काय नि नसली काय. करवतीने पीन कापली, प्लग बसला. यंत्राने पहिल्याच झटक्यात सोफ्यातून इतकी धूळ काढली, की आपण इतकी वर्षं कशावर बसत होतो असा प्रश्न पडला.

चारी बाजूंनी इमारती उठताहेत. सिमेंटची भुकटी दिवसभर घरात येते. तुझ्या आईला रोज संध्याकाळी धाप लागते. या यंत्राने तिला आराम पडला तर तुझं मोटेल सत्कारणी लागलं म्हणायचं.

बाबा

दत्ता, मी खाली थोडंसं लिहिते. मशीन छान आहे. आवाज फार, पण काल रात्री खोकला कमी होता. ह्यांना किती आनंद झालाय म्हणून सांगू, निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच एवढे रमलेत. जेवत जा वेळेवर. आई.


एडिसन, न्यू जर्सी
९ फेब्रुवारी १९९५

ती. बाबा आणि आई,

नमस्कार. पत्र ऑफिसमध्येच वाचलं आणि एकटाच हसत बसलो. शेजारच्या क्युबिकलमधल्याला वाटलं, माझा प्रोग्रॅम चालला. प्रोग्रॅम काही चालत नाहीये. सध्या तारखांचा एक जुना घोळ निस्तरतोय, रोज बारा-बारा तास.

बाबा, ट्रान्सफॉर्मरचं काम एकदम सही! मी कॉम्प्युटरवाला असून मला घरातला फ्यूज बदलता येत नाही, हे तुम्ही नेहमी म्हणता ते खरंच आहे. पिनेचंही तुम्ही बरोबर केलंत. इथेसुद्धा जुन्या घरांत दोनच भोकं असतात, लोक असेच जुगाड करतात.

आईची धाप कमी झाली हे वाचून फार बरं वाटलं. खरं सांगतो, आई, तुझ्या त्या खोकल्याचा आवाज मला इथे झोपेत ऐकू यायचा. तिथे असतो तर निदान डॉक्टरकडे तरी घेऊन गेलो असतो. इथून काय करणार, तर एक मशीन पाठवलं. तेव्हा रोज वापर. जपून ठेवू नकोस. मला माहिती आहे, तू चांगल्या वस्तू पाहुण्यांसाठी ठेवतेस. हे पाहुण्यांसाठी नाही.

रावसाहेबांच्या फोनवर मागच्या रविवारी प्रयत्न केला, लागला नाही. त्यांना विचारा.

तुमचा
दत्ता


कोथरूड, पुणे
३ मार्च १९९५

चि. दत्तप्रसाद,

आशीर्वाद. रावसाहेबांचा फोन मेला आहे. रस्ता खणून नवीन केबल घालताहेत, देश म्हणे एकविसाव्या शतकात चालला आहे. तूर्त आमची गल्ली अठराव्या शतकात आहे. आपल्या स्वतःच्या फोनचा नंबर लागेल तेव्हा लागेल.

यंत्र रोज चालतं. सकाळी वेणूबाई येऊन केर काढते, लादी पुसते, आणि ती गेली की तुझी आई आंघोळ उरकून सोफा, गाद्या, पुस्तकांची कपाटं यांच्यावर यंत्र फिरवते. खोकला जवळजवळ गेला. हा भाग आनंदाचा.

दुसरा भाग असा, की हिच्या हातांना मुंग्या येऊ लागल्या आहेत. कधी बोटांत, कधी मनगटापर्यंत. डॉक्टरांनी तपासलं. साखर नाही, रक्तदाब हिच्यापेक्षा मलाच जास्त निघाला. त्यांनी मला मीठ बंद केलं आणि हिला जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. वयाचं असतं म्हणाले. हिचं म्हणणं मात्र वेगळंच. यंत्र धरलं की मुंग्या येतात, सोडलं की जातात.

मी शास्त्रीय पद्धतीने छडा लावला. यंत्र सुरू केलं, नळी दोन्ही हातांनी धरली, यंत्राच्या पोटावर तळहात ठेवला. चांगला वेळ ठेवला. काही नाही, मुंगी नाही, मुंगळा नाही. टेस्टरही लावून पाहिला. आतला दिवा किंचित तांबूस दिसला, पण खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. फार तर घर्षणाने निर्माण होणारी स्थिर विद्युत असेल. धूळ नळीतून जोरात जाते, घासली जाते, भार साठतो. आठवीच्या पुस्तकात आहे.

माझं स्पष्टीकरण हिला पटत नाही. वेणूबाईचं पटतं. एकदा वेणूबाईने यंत्र सरकवायला हात लावला आणि 'या बया!' म्हणून मागे उडी मारली. तिचं निदान असं: 'आजोबा, त्या हॉटेलात कुणीतरी मेलं आसंल. त्या मशिनीत कायतरी हाय.' दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या नळीला लिंबू-मिरची बांधली. मी ती काढून मिरची आमटीत टाकायला सांगितली.

माझी टाचदुखी तशीच आहे. डॉक्टरांनी घरातही स्पंजच्या चपला घालायला लावल्या आहेत. त्यामुळे स्वयंपाकघर आणि देवघर या दोन्ही प्रांतांतून मला हद्दपार करण्यात आलं आहे. हिलाही मी म्हटलं, तूही घाल, पायाला गार लागत नाही. त्यावर मिळालेलं उत्तर पत्रात लिहिण्यासारखं नाही.

बाबा

दत्ता, मुंग्यांची काळजी करू नकोस. पण खोटं नाही सांगत मी. आई.


एडिसन, न्यू जर्सी
२० मार्च १९९५

ती. बाबा आणि आई,

नमस्कार. लिंबू-मिरचीचा किस्सा लंचला सगळ्यांना सांगितला. आईसाठी बी-कॉम्प्लेक्सच्या मोठ्या दोन बाटल्या घेतल्या आहेत, कोणी येणारं भेटलं की पाठवतो. इथे हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो, बाबा म्हणतात तसं स्टॅटिकच असणार. आई, घाबरू नकोस, त्यात काही नसतं.

प्रोजेक्टची डेडलाइन आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. व्हिसाचे कागद नव्याने गेलेत, ते येईपर्यंत मला देशाबाहेर पडता येणार नाही. गणपतीला यायचं नक्की धरू या.

दत्ता


कोथरूड
६ एप्रिल

चि. दत्तास,

आईचे आशीर्वाद. हे पत्र मी वेगळं टाकते आहे. ह्यांना माहीत नाही. कधी नव्हे ते मी ह्यांच्यापासून लपवून काही करते आहे.

दत्ता, मला भीती वाटते. तुला हसू येईल, पण मला त्या मशीनची भीती वाटते. आधी नुसत्या मुंग्या होत्या. मागच्या आठवड्यात ह्यांनी मशीन उघडून आतून ओल्या फडक्याने स्वच्छ केलं. तेव्हापासून हात लावला की कोपरापर्यंत कोणीतरी आतून ओढल्यासारखं होतं. परवा लादी नुकतीच पुसलेली होती. मी नळी धरली, ती हातातून सुटेना. मी सोडत होते आणि बोटं सोडत नव्हती. मग कशी कोण जाणे, मी मागे आपटले आणि सुटले. ओरडायलासुद्धा आवाज फुटला नाही.

हे धावत आले. मला उठवलं, पाणी दिलं. मग मशीनला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, 'बघ, काही आहे का? चक्कर आली असेल तुला.' प्रेमानेच म्हणाले. पण दत्ता, चाळीस वर्षांच्या संसारात मला कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं. ज्याच्या हाताला काहीच लागत नाही, त्याला मी काय सांगू? डॉक्टर वय म्हणतात, हे मन म्हणतात, तू त्यात काही नसतं म्हणतोस. मीही आता विचार करते, की खरंच मला काही होतंय का. वेणूबाई एकटी माझ्या बाजूची, तर ती भूत म्हणते.

मशीन बंद कर म्हटलं तर ह्यांचा चेहरा पडतो. तुझी पाठवलेली वस्तू, ह्यांनी हाताने बसवलेली. शेजारपाजारचे बघायला येतात, हे सगळ्यांना आवर्तनं आणि दाब समजावून सांगतात. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच कोणीतरी ऐकायला बसतं. ते कसं काढून घेऊ? म्हणून रोज धरते. धरायच्या आधी मनातल्या मनात रामरक्षा म्हणते.

तू शिकलेला आहेस. कोणाला तरी विचार. मला वेड लागलं नाही, एवढं मला कोणीतरी सांगा.

आई


एडिसन, न्यू जर्सी
२० एप्रिल १९९५

ती. बाबा,

आज पत्राला नमस्कार-चमत्कार नाही. आधी यंत्राचा प्लग काढा आणि मग पुढचं वाचा.

आईच्या हातांबद्दल मी इथल्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. त्याने मला पहिलाच प्रश्न विचारला, अर्थिंगची पीन आहे ना? मी हसत हसत म्हटलं, बाबांनी कापली. तो हसला नाही. त्याने जेवणाचा डबा बाजूला ठेवला.

बाबा, तो म्हणतो ते असं. यंत्र जुनं आहे. आतल्या तारांवरचं आवरण कुठेतरी झिजलंय, त्यात ओल गेली असेल तर आणखीच वाईट. वीज पोलादी अंगात उतरते आहे. तिसरी पीन असती, तर ती जमिनीत निघून गेली असती. पीन नाही, म्हणून ती आईच्या अंगातून जमिनीत जाते. तपकीर गल्लीचा ट्रान्सफॉर्मर दाब निम्मा करतो, पण घरच्या लाइनपासून यंत्राला वेगळं करत नाही. प्लग उलटा बसला तर पूर्ण दोनशेतीस व्होल्टसुद्धा अंगावर येऊ शकतात.

तुम्हाला काही का लागत नाही, हे मी त्याला दोनदा विचारलं. कारण तुम्ही दोन्ही हातांनी धरून पाहिलंत आणि तुम्ही खोटं सांगत नाही, हे मला माहिती आहे. त्याने विचारलं, तुझे वडील घरात चपला घालतात का? बाबा, तुमच्या पायात स्पंजच्या चपला असतात. रबरातून वीज जात नाही. आई अनवाणी असते, आंघोळ करून आलेली, ओल्या लादीवर. इथे लोक बूट घालून गालिचा साफ करतात. हे यंत्र अशा घरासाठी बनवलेलंच नाही, जिथे देवघर आहे म्हणून कोणी चपला घालत नाही.

आईला मुंग्या येत नव्हत्या. आईला शॉक बसत होता. महिनोन् महिने. आणि आपण तिला जीवनसत्त्वं देत होतो.

मीही पिनेचं 'बरोबर केलंत' म्हणून लिहिलं होतं. चार दिवस फोन लावतोय, लागत नाही. श्रीनिवास बंगलोरला गेला. म्हणून हे कुरियरने पाठवतोय. यंत्र परत लावू नका. दुरुस्त करू नका. भंगारात द्या. आईला सांगा, तिचं बरोबर होतं.

दत्ता


कोथरूड, पुणे
२७ एप्रिल १९९५
(हे पत्र अपुरं राहिलं. टपालात पडलं नाही.)

चि. दत्तप्रसाद,

आशीर्वाद. तुझं पत्र आत्ता, सकाळीच, कुरियरवाल्याने आणून दिलं. दोनदा वाचलं. प्लग काढला आहे, काळजी नसावी.

तुझ्या मित्राचा तर्क सुसंगत आहे. रबर विद्युतरोधक असतं हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो, आणि तेच पायात घालून प्रयोग केला. विद्यार्थ्याने असा प्रयोग लिहून आणला असता तर मी वहीवर शून्य दिलं असतं. लाज वाटली. विद्येची नव्हे, हिची. हिला पत्र वाचून दाखवलं. ती डोळे पुसून आमटी ढवळत राहिली. मी म्हणालो, 'तुझं बरोबर असू शकेल.' त्यावर म्हणाली, 'अजूनही असू शकेलच का?'

तो शब्द मनाला फार लागला. पण मी तरी काय करणार? दुसऱ्याच्या तर्कावर मान डोलवायची सवय मला नाही. तिला काय होत होतं, हे मला माझ्या हाताने कळल्याशिवाय मी तिला 'बरोबर होतं' कसं म्हणू? आणि म्हटलंच, तर ते तुझ्या मित्राच्या शब्दावर म्हटल्यासारखं होईल, तिच्या शब्दावर नाही.

तेव्हा एकदाच, क्षणभर, एका बोटाने. वेणूबाईने लादी नुकतीच पुसली आहे, परिस्थिती अगदी तीच आहे. प्लग पुन्हा लावला आहे, चपला काढतो आहे. दाब तुझ्या आईने इतके दिवस सोसला, मी एक क्षण सोसला तर काय मोठंसं. आलेला अनुभव खाली नोंदवतो.


कोथरूड
१९ मे १९९५

चि. दत्तास,

अनेक आशीर्वाद. दिवसकार्य नीट झालं. तुझे काका साताऱ्याहून आले होते, त्यांनी सगळं केलं. तुला येता आलं नाही म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. कागद अडकले त्याला तू काय करणार? ह्यांनीच तुला नोकरी सोडून ये म्हटलं नसतं.

रावसाहेबांच्या नव्या फोनवर तू सारखं एकच विचारत होतास आणि मला रडू आवरत नव्हतं, म्हणून नीट सांगता आलं नाही. आता सांगते. ह्यांचं हृदयच थांबलं. डॉक्टर लगेच आले, रक्तदाब आधीपासून वाढलेला होता म्हणाले, आणि तसंच लिहून दिलं. सकाळची वेळ होती, मी स्वयंपाकघरात होते. पुढच्या खोलीतून हाक आली, म्हणून धावत गेले. खुर्चीत बसले होते. फार वेळ त्रास झाला नाही.

तुझं पत्र मिळालं का, हे तू विचारलंस. मिळालं, पण हे गेल्यानंतर. कुरियरवाला घर शोधत फिरत होता म्हणे, गल्ली खणलेली, पाट्या पडलेल्या. मग मीच वाचलं. तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे रे, पण त्याचा ह्यांच्याशी काही संबंध नाही. त्या दिवशी मशीन लावलंच नव्हतं. हे ध्यानात ठेव, आणि रात्री झोप. तू झोपत नाहीस, हे मला तुझ्या आवाजावरून कळतं.

मशीन आता घरात नाही. वेणूबाईच्या भावाला बोलावून, समोर उभी राहून, त्याच्या वायरचे तुकडे करवले आणि मगच भंगारात दिलं. ट्रान्सफॉर्मरही दिला. आता लादी पुसली की घर शांत असतं. धूळ बसते, बसू दे. खोकला परत आलाय थोडा, त्यात काही नाही.

ह्यांच्या चपला मी ठेवल्या आहेत. देवघरातसुद्धा त्यांना आता आडकाठी नाही.

एक मात्र तुला सांगायचं होतं. मी धावत गेले तेव्हा ह्यांना शुद्ध होती. माझा हात धरला, उलटा करून बोटं बघितली, एकेक बोट. आणि म्हणाले, 'अगं, तुझंच बरोबर होतं.' 'असू शकेल' नाही म्हणाले. 'होतं' म्हणाले. त्यानंतर काही बोलले नाहीत.

कशाबद्दल म्हणाले, हे मला विचारू नकोस. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा-बायकोचं काहीतरी राहिलेलं असतं, ते मिटलं एवढं समज. जेवत जा वेळेवर.

आई